पोत्याआधीची वानगी



गेल्या महिन्यात एका घरगुती कार्याच्या निमित्ताने पवनी तालुक्यातील आसगावला जाण्याचा योग आला. चौरास पट्ट्यातील हे गाव मला परके नाही. बँकेच्या सेवेतील आरंभीची काही वर्षे मी याच परिसरातील एका शाखेत क्षेत्र अधिकारी म्हणून काढली आणि बांधाबांधाने हिंडून धानपिकाची कर्जे वाटली व वसूल केली. त्या काळात जोडलेली दोन-चार घरे आजही आपली वाटतात. त्यांपैकी एक घर धान्याच्या आडतीचे आहे. जुन्या शेठजींना जाऊन पाच वर्षे झाली. आता त्यांचे चिरंजीव पेढी सांभाळतात. तेही पन्नाशी ओलांडलेले आहेत.

जेवणानंतर ओसरीवर बसलो असता त्यांनी आपली अडचण पुढे ठेवली. त्यांचा मुलगा सव्वीस वर्षांचा. वाणिज्य शाखेचा पदवीधर असून पुण्यात एका कार्यालयात हिशेबाचे काम करतो आणि रात्री भाड्याच्या खोलीत एकटाच संगीत रचतो. गाणे त्याचे, चाल त्याची, वाद्ये त्याची, आवाज त्याचा, ध्वनिमुद्रणही त्याचेच. दोन वर्षांपूर्वी त्याने नऊ गाण्यांचा पहिला अल्बम एकाच दिवशी प्रसिद्ध केला. खर्च झाला एक लाख चाळीस हजार आणि हाती आले ते चार आकड्यांत मावणारे. आता दुसऱ्या अल्बमची आठ गाणी तयार आहेत. परंतु अल्बम न काढता त्याने त्यातील एकच गाणे आधी प्रसिद्ध करायचे ठरवले आहे. त्याच्या भाषेत हे 'सिंगल'. उरलेली सात गाणी अक्षय तृतीयेच्या सुमारास यायची आहेत. त्या कामासाठी त्याने वडिलांकडे पन्नास हजार रुपये मागितले होते.

"साहेब," ते म्हणाले, "माल तयार आहे म्हणतो आणि बाजारात एकच मूठ पाठवतो. हा कुठला व्यापार?"

मी म्हणालो, "हा तुमचाच व्यापार आहे. तुम्ही त्याला वानगी म्हणता."

ते हसले, पण समाधान झालेले दिसले नाही. त्या दुपारी आमचे जे बोलणे झाले, ते या सदराच्या वाचकांपुढे ठेवावे असे वाटले. आपल्या व्यापारी घरांतून असा एखादा मुलगा वा मुलगी आता वारंवार भेटते, आणि वडीलधाऱ्यांपाशी या प्रश्नाचे तयार उत्तर नसते.

प्रथम 'सिंगल' आणि 'अल्बम' या शब्दांचा इतिहास पाहू. आपल्या देशात व्यापारी तत्त्वावरील ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ साली कलकत्त्यात झाला. गौहरजान यांच्या त्या तबकड्या आजही संग्राहक जपून ठेवतात. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचेच गायन मावत असे. तासभर रंगणारी ठुमरी वा ख्याल तेवढ्या अवकाशात बसवणे हेच कलावंताचे कसब ठरले. गाणे साधारण तीन-चार मिनिटांचे असावे, ही जी समजूत आपल्या कानात बसली आहे, तिचे मूळ या लाखेच्या तबकडीच्या मर्यादेत आहे. ग्राहक अनेक तबकड्या विकत घेई आणि छायाचित्रांच्या वहीसारख्या जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत त्या ठेवी. त्या वहीवरून 'अल्बम' हे नाव रूढ झाले. पुढे १९४८ साली अमेरिकेत मिनिटाला सव्वातेहतीस नव्हे, नेमके सांगायचे तर तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्यांची दीर्घ तबकडी आली आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. १९४९ साली ४५ फेऱ्यांची लहान तबकडी आली. मोठ्या तबकडीला अल्बम आणि लहान तबकडीला सिंगल म्हणण्याचा प्रघात पडला. लहान तबकडी स्वस्त असे. ती आधी बाजारात जाई, आणि ती आवडली की ग्राहक मोठी विकत घेई.

आता तबकडीही गेली आणि फीतही गेली. गाणे मोबाईलवरून ऐकले जाते आणि ऐकणारा बहुधा वेगळे मोल देत नाही. मग वानगीची आवश्यकता उरली कोठे, असा प्रश्न कोणीही विचारील. माझ्या मते ती पूर्वीपेक्षा वाढली आहे. या मंचांवर दररोज इतकी नवी गाणी येऊन पडतात की नऊ गाणी एकाच दिवशी टाकणारा अपरिचित कलावंत म्हणजे हंगामाच्या ऐन गर्दीत बाजार समितीच्या आवारात पोती उतरवून, नाव-गाव न सांगता निघून गेलेला शेतकरी. स्पॉटिफाय या मंचाचे उदाहरण घेऊ. तेथे कलावंताला आपले अप्रकाशित गाणे संपादकांच्या विचारार्थ पाठवता येते. परंतु एका वेळी एकच, आणि प्रसिद्धीच्या किमान सात दिवस आधी पाठवले तर ते त्याच्या अनुयायांच्या नव्या गाण्यांच्या यादीतही जाते. नऊ गाणी एकत्र काढली तर त्यांतील एकाचीच अशी शिफारस करता येते. तीच गाणी महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने काढली तर प्रत्येकाला स्वतंत्र संधी मिळते. याच मंचाने २०२४ पासून आणखी एक नियम लागू केला. मागील बारा महिन्यांत किमान एक हजार वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्यालाच ध्वनिमुद्रणाचे मानधन मिळते. नऊ गाणी प्रत्येकी सातशे वेळा ऐकली गेली तर एकूण श्रवणे सहा हजार तीनशे होतात आणि हाती शून्य येते. तीन गाणी प्रत्येकी दोन हजार वेळा ऐकली गेली तर एकूण श्रवणे त्याहून कमी, पण मानधन, कितीही अल्प असो, तिन्ही गाण्यांवर मिळते. हा हिशेब मी कागदावर मांडून दाखवला तेव्हा आमचे यजमान प्रथमच पुढे सरकून बसले.

पुण्यातच वाढलेल्या रित्विझ या तरुणाचे उदाहरणही मी सांगितले. त्याने उदय भवाळकर यांच्याकडे धृपदाचे शिक्षण घेतले आणि ती आलापी संगणकावर रचलेल्या नृत्यतालाशी जोडली. २०१७ साली आलेल्या 'उड गये' या एका गाण्याने त्याचे नाव देशभर पोहोचले. त्याचा पहिला पूर्ण अल्बम 'मिम्मी' आला तो २०२२ साली. मधल्या पाच वर्षांत त्याने लहान-लहान वानग्याच पाठवल्या.

परंतु एकट्याच्या बळावर संगीताची पेढी उभारणाऱ्याचे खरे उदाहरण शोधायचे तर चाळीस वर्षे मागे, गोव्यात जावे लागेल. रेमो फर्नांडिस हे नाव आमच्या पिढीला 'बॉम्बे' चित्रपटातील १९९५ च्या गाण्यामुळे ठाऊक झाले. पण त्यांची खरी कमाई त्याआधीची आहे. १९५३ साली, गोवा पोर्तुगीज अमलाखाली असताना त्यांचा जन्म झाला. बार्देश तालुक्यातील शिवोली हे त्यांचे गाव. मुंबईच्या सर जे. जे. वास्तुकला महाविद्यालयात त्यांनी स्थापत्याचे शिक्षण घेतले. पुढे युरोप आणि उत्तर आफ्रिकेत गिटार घेऊन वाटाड्यांच्या वाहनांतून भटकंती केली आणि मग ते गोव्यात परतले. गोव्याची लोकगीते, पोर्तुगीज वळणाच्या चाली, पाश्चात्त्य रॉक आणि भारतीय बासरी हे सारे त्यांच्या संगीतात एकत्र नांदत होते. ते स्वतः इंग्रजीत गाणी रचत. हिंदी चित्रपटगीतांवर चालणाऱ्या बाजारात अशा मालाला गिऱ्हाईक नाही, हे ध्वनिमुद्रण कंपन्यांचे तेव्हाचे गणित होते.

तेव्हा रेमो यांनी काय केले, ते व्यापाऱ्याने लक्षात घेण्याजोगे आहे. १९७९ साली एक नवे यंत्र जगाच्या बाजारात आले होते. साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे थर मुद्रित करता येतील अशी ती छोटी पेटी होती. एका थरावर गिटार, दुसऱ्यावर ताल, तिसऱ्यावर बासरी मुद्रित करायची, हे तिन्ही चौथ्या थरावर एकत्र उतरवायचे, म्हणजे पहिले तीन पुन्हा मोकळे होतात. प्रत्येक उतरवणीत खरखर थोडी वाढते, म्हणून आधीच नीट विचार करून ठेवावा लागतो. अशा चार थरांच्या यंत्रावर, स्वतःच्या घरात, रेमो यांनी १९८४ साली 'गोवन क्रेझी' हा पहिला अल्बम तयार केला. सर्व वाद्ये त्यांनीच वाजवली, सर्व आवाज त्यांचेच, वेष्टनावरील चित्रकामही त्यांचेच. आणि मग पिवळ्या स्कूटरवर कॅसेटी घेऊन ते दुकानोदुकानी स्वतः पोहोचवू लागले. पुढच्याच वर्षी, १९८५ साली, दुसरा अल्बम आला. त्याचे नाव 'ओल्ड गोवन गोल्ड', म्हणजे गोव्याचे जुने सोने. पहिल्यात स्वतःची नवी गाणी दिल्यावर दुसऱ्यात ते आपल्या भूमीच्या जुन्या गाण्यांकडे वळले. १९८६ साली 'पॅक दॅट स्मॅक' आला. अमली पदार्थांविरुद्धच्या गाण्याने त्या अल्बमला नाव दिले आणि तोवर देशभरचा बाजार त्यांना खुला झाला होता. २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

बँकेच्या नजरेने हे प्रकरण पाहिले तर चार गोष्टी दिसतात. पहिली, स्थिर खर्च अत्यंत कमी. यंत्र एकदा घेतले की तासाचे भाडे नाही. दुसरी, माल कोणा दलालाच्या हाती न देता स्वतः पोहोचवला, म्हणून कोणत्या दुकानात काय खपते हे प्रत्यक्ष डोळ्यांनी कळले. तिसरी, पहिल्या मालासाठी बांधलेली वाट दुसऱ्या मालाला फुकट मिळाली. ज्या दुकानांनी पहिली कॅसेट ठेवली होती, त्यांच्याकडे दुसरी घेऊन जायला ओळख नव्याने करावी लागली नाही. चौथी, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, गाण्याची मालकी स्वतःकडे राहिली. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगीतरचनेवरील हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना मानधनातील समान वाटा सोडून देण्याचा करारही करता येत नाही. साठ वर्षे टिकणारी मालमत्ता आपल्या समाजातील कोणता व्यापारी कागद न वाचता दुसऱ्याच्या नावे करील? आणि तरीही कलावंत मुले घाईघाईने तसे करतात. म्हणून मी आमच्या यजमानांना सांगितले, की पन्नास हजार द्यायचे की नाही हा पुढचा प्रश्न. आधी मुलाने कोणत्या कागदावर सही केली आहे ते विचारा. त्यांनी तेथूनच फोन लावला. मुलाने वितरकाला फक्त पोहोचवण्याचा अधिकार दिला होता, मालकी स्वतःकडे ठेवली होती. "एवढे तरी शहाणपण आहे," वडील म्हणाले. त्यांच्या स्वरात मला बराच दिलासा ऐकू आला.

मग त्यांनी मुलाचे ते गाणे मला ऐकवले.

मी शास्त्रीय संगीताचा साधा श्रोता आहे. प्रथम कानावर आला तो झाडीपट्टीच्या नाटकांतला ऑर्गनचा स्वर. त्याखाली संगणकावरचा ठेका होता, मग गिटार, मग झाडीबोलीत भरभर बोललेल्या ओळी. आणि मध्येच, सारे वाजणे थांबून, एका वृद्ध माणसाचा आवाज: लाभ... दोन... तीन... चार. धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायची आपल्याकडची रीत. तो आवाज जुन्या शेठजींचा होता. कॉलेजात असताना नातवाने तो सहज मोबाईलवर मुद्रित करून ठेवला होता. तीच मोजणी पुढे तालाचा भाग होऊन गाण्याच्या शेवटापर्यंत राहते.

"हेच मला पटत नाही," यजमान म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बदलला. "पन्नास हजारांचे काही नाही, साहेब. बाबांचा आवाज यंत्रात घालून त्याने बाजारात मांडला. बाबांना विचारता तरी आले का? आणि ही सगळी खिचडी. ना भजन, ना नाटक, ना सिनेमा."

दोन आक्षेप होते. दुसरा सोपा होता, म्हणून मी आधी त्याच्याकडे वळलो. ज्याला आपण शुद्ध म्हणून जपतो त्यात किती परके मिसळले आहे, हे आपण विसरतो. आपल्या मंदिरांतून, कीर्तनांतून वाजणारी पेटी मूळची फ्रान्सची. १८४२ साली पॅरिसमध्ये तिचे पेटंट नोंदले गेले. ती भारतीय संगीताला विसंगत आहे असे ठरवून आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके तिला आपल्या दारात येऊ दिले नाही. आज पेटीवाचून भजन ही कल्पनाच करवत नाही. आपल्या भागातील झाडीपट्टी रंगभूमीचे तर बोलायलाच नको. दंडार आणि खडी गंमत या लोकप्रकारांच्या भूमीत संगीत नाटक आले, त्याला ऑर्गन-तबल्याची साथ लाभली, मग चित्रपटांच्या चाली आल्या, विजेवरची वाद्ये आली. दिवाळीनंतर मंडईच्या निमित्ताने गावोगाव मंडप पडतात आणि रात्रभर नाटके चालतात. वडसा हे त्या व्यवहाराचे केंद्र आहे. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा खिचडीलाही मान मिळू शकतो हे सर्वांना दिसले.

हे मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगत होतो. तेवढ्यात आतून त्यांच्या मातोश्री आल्या. वय ऐंशीच्या पुढे, पण कान तीक्ष्ण. त्या दारातच टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या बँकेने परत पाठवलेला तो पेटीवाला आठवतो का साहेब? तो आमच्याकडेच आला होता."

मला आठवला. वाचकहो, ही गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

साल १९८७. सुशिक्षित बेरोजगारांसाठी केंद्र सरकारने काही वर्षांपूर्वी सुरू केलेल्या स्वयंरोजगार योजनेचे अर्ज माझ्या टेबलावर येत असत. पिठाची गिरणी, सायकल दुरुस्ती, शिवणयंत्र, किराणा. त्यांत एक अर्ज निराळा होता. झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवणारा एक तरुण विजेवर चालणारा की-बोर्ड आणि ध्वनिवर्धक घेण्यासाठी बारा हजार रुपये मागत होता. हंगामात नाटक मंडळींना साथ द्यायची आणि उरलेल्या वेळी संच भाड्याने द्यायचा, असा त्याचा विचार होता. मी त्याला विचारले, मागणीचा पुरावा काय? तो म्हणाला, "साहेब, आज रात्री मंडपात या." मी गेलो नाही. सकाळी लवकर वसुलीला निघायचे होते. अर्जावर मी लिहिले: "व्यवसायाच्या मागणीचा लेखी पुरावा नाही. प्रस्ताव व्यवहार्य वाटत नाही." नियमाने पाहता माझे चुकले असे कोणी म्हणू शकले नसते. पुरावा मात्र शाखेपासून चालत जाण्याच्या अंतरावर, हजार माणसांच्या गर्दीत, रात्रभर वाजत होता.

मातोश्रींनी आतून जुनी चोपडी आणवली. लाल कापडी बांधणीची, कडा कुरतडलेली. शेठजींच्या वळणदार अक्षरात नोंद होती: नावे, विजेची पेटी, रु. १२,०००. व्याजाचा दर सराफीपेक्षा कमी लावलेला. खाली जमेच्या बाजूला दोन हंगामांत सहा हप्त्यांनी पूर्ण रक्कम आलेली आणि शेवटी आडवी रेघ. कोठेही तारण लिहिलेले नव्हते.

"ते रात्री नाटक बघायला गेले होते," मातोश्री म्हणाल्या. "दोन अंक बघून आले आणि सकाळी पैसे दिले."

आमचे यजमान त्या पानाकडे बराच वेळ पाहत राहिले. ही गोष्ट त्यांनाही ठाऊक नव्हती; त्या वर्षी ते नागपूरला शिकत होते. मग त्यांनी आईलाच विचारले, की नातवाने बाबांचा आवाज असा वापरला हे तिला कसे वाटते. त्या म्हणाल्या, "मोजणी काय चोरून करत होते का ते? अख्खा बाजार ऐकत होता. पण त्याने मला आधी विचारायला हवे होते. त्याला सांग, आजीला विचारल्याशिवाय पुढे काही करू नको म्हणावे."

पहिल्या, कठीण आक्षेपाचे उत्तर मला सुचले नव्हते. ते असे मिळाले. मृताच्या आवाजाला संमती विचारता येत नाही. घरातील ज्यांचा त्या आवाजावर सर्वांत जवळचा अधिकार आहे, त्यांना विचारता येते. मुलाने ते केले नव्हते, ही त्याची चूक. त्या संध्याकाळी त्याने आजीला फोन केला. काय बोलणे झाले ते आम्ही ऐकले नाही. आजींनी फोन ठेवल्यावर एवढेच सांगितले, की गाणे राहू दे, आणि खाली आजोबांचे नाव लिहायचे.

व्यवहाराचे असे ठरले. पन्नास हजार रुपये कर्ज म्हणून द्यायचे नाहीत आणि भेट म्हणूनही नाहीत. पेढीच्या वहीत मुलाच्या नावे स्वतंत्र खाते उघडून भांडवल म्हणून द्यायचे. खर्चाची प्रत्येक पावती त्या खात्यात येईल, आणि मानधन आले की तेही त्यातच जमा होईल. पुण्यातील नोकरी निदान हा अल्बम पूर्ण होईपर्यंत सोडायची नाही. पन्नास हजारांपलीकडे या अल्बमवर खर्च नाही. कोणत्याही कंपनीचा करार आला तर सही करण्यापूर्वी तो आसगावला पाठवायचा. आणि रचनांची नोंद गीतकार-संगीतकारांच्या संस्थेकडे करून घ्यायची. १९६९ पासून आपल्या देशात अशी संस्था आहे. सभासद झाल्यावाचून तिच्याकडून एक रुपयाही मिळत नाही.

ज्या घरांत असा प्रसंग येईल त्यांना माझे सांगणे थोडके आहे. पहिला अल्बम पडला म्हणून दुसऱ्याला नकार देऊ नये. पहिल्यात काय शिकला ते विचारावे. आमच्या या मुलाचे उत्तर मला आवडले. तो म्हणाला, "पहिल्यात मी पुण्याच्या मुलांसारखे गायलो, काका. या वेळी घरचे आवाज घेतले." रेमो यांच्या दुसऱ्या अल्बमची मला लगेच आठवण झाली. रक्कम ठरवताना, ती सारी बुडाली तर घराच्या चुलीवर परिणाम होईल का, हा एकच निकष लावावा. दागिने मोडून किंवा उधारी करून असल्या कामाला पैसा घालू नये. आणि पैसे देण्यापूर्वी गाणे ऐकावे. हे लिहिताना मला संकोच वाटतो, कारण त्या दिवशी मंडपात न जाणारा मीच होतो. पोत्यात परखी घालून चार दाणे तळहातावर घेतल्याशिवाय आपण धानाचा भाव बोलत नाही. मुलाच्या कामाला मात्र न ऐकताच भाव लावतो.

तो पेटीवाला आज कोठे आहे, याची मी चौकशी केली. कळले ते असे, की त्याने बरीच वर्षे हंगाम केले, दोन मुलांना शिकवले, आणि आता गावाकडेच असतो. पुढच्या वेळी आसगावला गेलो की त्याला भेटायचे ठरवले आहे. काय बोलायचे ते अजून सुचलेले नाही.

गाणे ठरल्याप्रमाणे शुक्रवारी प्रसिद्ध झाले. हा लेख लिहीपर्यंत तीन आठवडे उलटले आहेत. ते दोन हजार तीनशेच्या आसपास वेळा ऐकले गेले आहे, असे कळते. यातून येणारे मानधन एका चहा-नाश्त्याचेही नसेल. पण हजाराची ओळ ओलांडली गेली आहे, आणि पहिल्या अल्बमच्या कोणत्याही गाण्याला ते जमले नव्हते. आकडा मला दररोज कळतो, कारण पेढी बंद करताना आमचे यजमान तो फोनवर पाहतात आणि मला कळवतात. काल त्यांनी सांगितले, की गल्ल्यापाशी बसलेल्या हमालांना त्यांनी गाणे ऐकवले. मोजणी सुरू झाल्याबरोबर त्यांतला सर्वांत जुना हमाल उठून उभा राहिला आणि म्हणाला, "शेठजी."

अक्षय तृतीयेला उरलेली सात गाणी येतील. त्यांतली काही रुचतील, काही नाही. वहीत मात्र खाते उघडले गेले आहे, आणि त्याच्या शीर्षावर यजमानांनी स्वतःच्या हाताने 'लाभ' असे लिहिले आहे.